पडणाऱ्यांची नावे

साहित्याच्या वर्गात आपण पात्रांविषयी बोलतो. पात्र कोणत्या अडचणीत सापडले, त्या अडचणीला ते कसे सामोरे गेले, पडले तर कसे पडले आणि उठले तर कशाच्या बळावर उठले, यावरून आपण त्याची ओळख करून घेतो. मग ज्या खेळात माणसाला अडथळ्यांच्या रांगेपुढे उभे करून 'आता जा' एवढेच सांगितले जाते, त्या खेळातला स्पर्धक हेही एक पात्रच नव्हे काय? आमच्या मते आहे. किंबहुना त्याच्याविषयी प्रेक्षकाला वाटणारी माया ही वाचकाच्या मायेची सख्खी बहीण आहे. प्रस्तुत लेख या मायेविषयी आहे. विषय काहीसा हलका वाटेल. वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे आमचे गाव. मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, धानाच्या बांध्यांनी आणि जंगलाने वेढलेले तालुक्याचे ठिकाण. गांधी सेवा संघाचे १९३६ सालचे अधिवेशन येथे भरले होते आणि येथील खादीला त्या काळी नाव होते, एवढे अभ्यासकांना ठाऊक असते. त्यानंतर बाहेरचे जग आमच्याकडे आले ते बव्हंशी केबलच्या तारेतून. २००४ साली पोगो ही मुलांची वाहिनी सुरू झाली आणि पुढे तिच्यावर 'ताकेशीज कॅसल' हा जपानी कार्यक्रम जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह दिसू लागला. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज असेल तेव्हा जे दिसेल ते पाहायचे, असा सगळ्या घरांचा शिरस्ता होता. मुलांच्या वाहिनीवरचा हा कार्यक्रम मोठी माणसेही तितक्याच चवीने पाहत. आम्ही तर अध्यापनाची नोकरी सांभाळून त्याचे नियमित प्रेक्षक झालो होतो.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८६ ते १९९० या काळात जपानच्या टीबीएस वाहिनीवर हा कार्यक्रम चालला. ताकेशी कितानो हे किल्ल्याचे मालक. हायातो तानी हे किल्ल्यावर चालून जाणाऱ्या सैन्याचे सेनापती. सैन्य म्हणजे शंभराच्या आसपास सामान्य माणसे. तळ्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे जायचे. त्यातले काही दगड पक्के, काही पाय पडताच बुडणारे. झुलत्या पुलावर सोनेरी चेंडू झेलून, तोफेचे गोळे चुकवत तोल सांभाळायचा. दारांच्या ओळीपुढे धावत जाऊन एखाद्या दारावर अंग झोकून द्यायचे. दार कागदाचे असेल तर माणूस आरपार, लाकडाचे असेल तर माणूस जागीच. शेवटी जे मोजके उरतील त्यांनी छोट्या गाड्यांत बसून पाण्याच्या पिचकाऱ्यांनी किल्लेदाराशी लढायचे. बक्षीस दहा लाख येन. ते मिळवणारे संपूर्ण मालिकेत बोटांवर मोजण्याइतकेच झाले. याचा अर्थ असा की, हा कार्यक्रम जिंकणाऱ्यांचा नव्हताच. तो पडणाऱ्यांचा होता. हेच कितानो पुढे १९९७ साली व्हेनिसच्या महोत्सवात 'हाना-बी' या चित्रपटासाठी सुवर्णसिंह मिळवणारे गंभीर दिग्दर्शक म्हणून ओळखले गेले, ही गोष्ट आमच्या कानावर फार उशिरा आली. तोवर आमच्यासाठी ते किल्ल्यात बसून हसणारे गृहस्थ होते.

पडणाऱ्या या माणसांची नावे आम्हांला कधीच कळली नाहीत. समालोचक त्यांना आपल्या मनाची नावे देत असत. हिंदी चित्रपट, राजकारण, क्रिकेट यांतल्या नावांची मोडतोड करून एखाद्या जपानी कारकुनाच्या किंवा विद्यार्थ्याच्या माथी एक देशी नाव मारले जाई, आणि त्या नावानिशी तो चिखलात जाई. जावेद जाफरी हे जगदीप यांचे चिरंजीव. हिंदी पडद्यावरची विनोदी नटांची एक सबंध परंपरा त्यांच्या जिभेवर होती आणि ती परंपरा त्यांनी या अनोळखी माणसांवर मुक्तहस्ते उधळली. समीक्षकाच्या चष्म्यातून पाहता यात आक्षेपाला जागा आहे. दुसऱ्याचे नाव पुसून त्यावर आपले नाव लिहिणे, हे जगाच्या इतिहासात अनेकदा घडलेले काम आहे आणि त्याचे परिणाम सुखाचे नाहीत. परंतु येथे थोडे थांबून पाहावे असे आम्हांला वाटते.

पडणाऱ्याला पाहून माणूस का हसतो, या प्रश्नाची उत्तरे आपल्या अभ्यासक्रमातच आहेत. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० सालच्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात रस्त्यात धावताना अडखळून पडणाऱ्या माणसाचेच उदाहरण घेतले आहे. तो माणूस आपखुशीने खाली बसला असता तर कोणी हसले नसते; त्याच्या इच्छेविरुद्ध शरीर यंत्रासारखे पुढे गेले म्हणून लोक हसतात, असा त्याचा आशय आहे. शिवाय असे हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असेही तो सुचवतो. आपल्याकडे भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम, अधम अशी प्रतवारी लावली. त्याने आणखी एक भेद केला आहे. स्वतः हसतो तो आत्मस्थ हास्य, आणि दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. हा भेद वर्गात आम्ही घाईने सांगून पुढे जात असू. त्याचे मोल पुढे कळणार होते.

बर्गसाँचा सिद्धान्त मात्र आमच्या भागात जसाच्या तसा लागू पडत नाही. झाडीपट्टीत चिखल ही करमणुकीची वस्तू नाही. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू झाली की अर्धे गाव गुडघाभर चिखलात असते. डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन निसरड्या धुऱ्यावरून चालणे हा येथल्या बायामाणसांचा रोजचा व्यवहार. तेथे तोल गेला तर पऱ्हे जातात, मजुरी बुडते, कधी पाय मोडतो. शेजारच्या एक वयस्क आजी आमच्याकडे टीव्ही पाहायला येत. तळ्यात धपाधप पडणारे ते जपानी पाहून त्यांनी एकदा विचारले होते, "धान रोवाचा सोडून हे लोक चिखलात काहून खेळतेत, बापा?" सगळे हसले, आजीही हसल्या. पण प्रश्न खरा होता. जपानही भाताचाच देश. तिथल्याही कुणा म्हातारीने हाच प्रश्न विचारला नसेल कशावरून? ज्यांना चिखल ठाऊक आहे त्यांचे हसणे बधिर हृदयाचे नसते. त्यात 'हा पडला, पण याचे काही गेले नाही' हा सुटकेचा भाग मोठा असतो. पडूनही काही न गमावण्याची चैन पडद्यावरच्या त्या माणसांना लाभलेली होती. आमच्या हसण्यात तिचे कौतुक होते, आणि थोडा हेवाही असावा.

रोज पाहता पाहता आम्हांला स्पर्धकांचे स्वभाव ओळखू येऊ लागले. काहीजण पहिल्या दगडापुढे उभे राहून फार विचार करीत. तळ्याकडे पाहत, मागे पाहत, पुन्हा पाय उचलून खाली ठेवीत. हे बहुधा दुसऱ्या दगडावर जात. काही जण डोळे मिटून सुसाट निघत आणि त्या वेगानेच बुडत्या दगडांवरून पार होत. दगडाला बुडायला उसंतच मिळत नसे. काही जण अखेरच्या दगडावर पोचून काठाकडे पाहत हात उंचावीत आणि त्या आनंदात मागच्या मागे पाण्यात जात. या तिसऱ्या जातीवर आमचा विशेष लोभ होता. चिमणरावांच्या पिढीपासून मराठी वाचकाने ज्यांच्यावर प्रेम केले ती माणसे याच जातीची. यश हाताला लागलेच आहे अशा क्षणी निसटते, आणि ते निसटल्यावर चेहऱ्यावर जो ओशाळा, भला भाव उमटतो तो पाहून आपल्याला ती माणसे आपली वाटतात. पाण्यातून वर आलेला स्पर्धक चष्मा शोधी, केस मागे सारी आणि हसे. ते हसणे पाहण्यासाठीच आम्ही तो कार्यक्रम पाहत होतो, असे आज वाटते.

पुढे यूट्यूबच्या कृपेने आमची गाठ दुसऱ्या एका जपानी स्पर्धेशी पडली. तिचे नाव 'सासुके'. याच टीबीएस वाहिनीने १९९७ साली ती सुरू केली आणि योकोहामाजवळच्या ज्या मिदोरियामा परिसरात ताकेशीचा किल्ला होता, तेथेच तिचे अडथळे उभे राहतात. शंभर स्पर्धक, चार टप्पे. वळून अंगावर येणारी उंच भिंत, बोटांच्या टोकांवर लटकून पार करायची कपार, शेवटी उंच मनोऱ्यावरचा दोर. येथेही जवळजवळ सगळे पडतात. २०२० पर्यंत चारही टप्पे पार करण्याचा पराक्रम केवळ सहा वेळा घडला, आणि तोही चौघांच्या हातून. अमेरिकेने २००९ पासून या स्पर्धेची आपली आवृत्ती काढली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून आधुनिक पंचकात घोडेस्वारीऐवजी याच धर्तीची अडथळा शर्यत येणार आहे. एवढा हा प्रवास आहे.

पण 'सासुके'त एक मोठा फरक आहे. येथे प्रत्येकाला स्वतःचे नाव आहे, आणि नावाला जोडून त्याचा धंदा सांगितला जातो. १९९९ साली सर्वप्रथम विजयी झालेला काझुहिको अकियामा खेकडे पकडणारा कोळी. २००६ साली जिंकलेला माकोतो नागानो हाही मासेमारी करणारा. त्याआधी तो अंतिम टप्प्यावर येऊन थोडक्यात हुकला होता. २०१० आणि २०११ साली जिंकलेला युजी उरुशिहारा बुटांचा विक्रेता. तोशिहिरो ताकेदा अग्निशमन दलातला. शिंगो यामामोतो पेट्रोल पंपावरचा. त्याने पहिल्या स्पर्धेपासून हजेरी लावली आणि वर्षानुवर्षे ती चुकवली नाही. या माणसांनी घराच्या अंगणात, आवारात लाकडाचे अडथळे बांधून सराव केला. आपापली रोजची कामे आटोपून ते त्या मैदानावर येत आणि बहुतेक वेळा पडत.

या सर्वांत आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो कात्सुमी यामादा. आरंभीच्या काळात तो अंतिम टप्प्यापर्यंत पोचला होता. नंतर मात्र दैव फिरले. सरावासाठी त्याने नोकरीवर पाणी सोडले. आपल्याजवळ या स्पर्धेवाचून दुसरे काहीच नाही, असे तो कॅमेऱ्यापुढे बोलून गेला. त्यानंतर तो पहिल्याच टप्प्यात पडत राहिला, निवृत्ती जाहीर करीत राहिला आणि परत येत राहिला. त्याला पाण्यात पडताना पाहून कोणी हसत नाही. ताकेशीच्या तळ्यात पडणारा आणि येथे पडणारा यांच्या पडण्यात शरीरशास्त्राच्या दृष्टीने काहीच फरक नाही. पाणीही कदाचित तेवढेच गार असेल. एकाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, दुसऱ्याचे आहे. हास्य आणि करुण यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे आम्हांला कोणत्याही ग्रंथापेक्षा यामादाने अधिक चांगले शिकवले. कधी ती एका नावाइतकीच पातळ असते.

येथवर आल्यावर निष्कर्ष सोपा वाटेल. खोट्या नावाने हसवणारा पहिला कार्यक्रम उथळ, खऱ्या नावाने रडवणारा दुसरा थोर. आम्हांलाही असा निवाडा देऊन मोकळे होता आले असते. परंतु आमच्या गावातल्या एका मुलामुळे तो देता येत नाही.

सावलीत पहाटे साडेचार-पाचला रस्त्यावर या. मूल रस्त्याला मुले-मुली धावताना दिसतील. पोलीस भरती, वनरक्षक भरती. धानाची शेती आणि मजुरी यांच्यापलीकडे जाण्याची एवढीच वाट त्यांना दिसते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे एकूण ५० गुण. छातीवर क्रमांकाचे कापड लावलेले असते. मैदानावर तुमचे नाव म्हणजे तो क्रमांक. 'सासुके'तही छातीवर क्रमांक असतोच. पण तेथे क्रमांकाच्या मागे निवेदक नाव सांगतो, गाव सांगतो. येथे कोण सांगणार? सरावाच्या या रस्त्यावर अडथळेही आहेत. आमचा तालुका वाघाच्या वावराचा. पहाटेच्या अंधारात धावायचे म्हणजे एकट्याने धावायचे नाही, हा येथला पहिला नियम. जपानी अभियंत्यांनी कितीही कल्पना लढवली असती तरी हा अडथळा त्यांना सुचला नसता.

आमचा एक विद्यार्थी या रस्त्यावर कित्येक वर्षे धावला. मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेला, वाचनाची आवड असलेला मुलगा. दोन भरतींत थोडक्या गुणांनी राहिला. तिसऱ्या वेळी शेवटच्या फेरीत पाय मुरगळला आणि तो मैदानावरच पडला. वयोमर्यादा जवळ आली होती. घरची शेती दीड एकर. त्या भरतीनंतर काही दिवसांनी तो घरी आला. आम्ही काय बोलावे या विवंचनेत होतो. त्यानेच सुरुवात केली. उभा राहिला आणि लहानपणी पोगोवर ऐकलेल्या त्या समालोचनाच्या हेलात त्याने स्वतःच्या धावण्याचे वर्णन आरंभले. स्वतःला एक विचित्र फिल्मी नाव दिले. तो गडी मैदानावर कसा आला, पहिल्या फेरीत छाती काढून कसा धावला, घड्याळवाल्या साहेबाकडे पाहून कसा हसला आणि मग पाय कोठे गेला, माणूस कोठे गेला, हे सर्व त्याने हिंदीत, हातवारे करून सांगितले. घरातली सगळी मंडळी पोट धरून हसली. तोही हसला. नंतर पाणी प्यायला आणि बराच वेळ गप्प बसला.

त्या संध्याकाळी भरताचा आत्मस्थ आणि परस्थ हा भेद आमच्यापुढे उभा राहिला. स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे ही दोन्ही कामे तो एकाच वेळी करीत होता. त्यासाठी त्याला काय लागले? एक खोटे नाव. स्वतःच्या नावाने ती हकीगत सांगणे त्याला त्या दिवशी शक्य नव्हते. स्वतःच्या नावावर घराची आशा होती, दीड एकर शेती होती, सरलेली वर्षे होती. ते सगळे बाजूला ठेवून पडण्याकडे पाहायचे तर कुणा दुसऱ्याला पडू द्यावे लागते. जे नाव जपानी माणसावर लादलेले म्हणून आक्षेपार्ह ठरते, तेच नाव माणूस स्वतः पांघरतो तेव्हा आडोसा होते. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीलाही हे ठाऊक आहे. दिवाळीनंतर मंडपात रात्रभर चालणाऱ्या नाटकात, गंभीर प्रसंगाच्या मागोमाग विनोदी नट येतो आणि मघाचेच दुःख दुसऱ्या नावाने पुन्हा सांगतो. प्रेक्षक मघाशी रडलेला असतो, आता हसतो. यात विसंगती आहे असे मंडपात कोणालाच वाटत नाही. ते आपल्या लेखांतच वाटते.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की, पडणाऱ्याला दोन्ही नावे लागतात. खोटे नाव लागते, कारण त्याशिवाय पडण्याचा भार हलका होत नाही. खरे नाव लागते, कारण त्याशिवाय पडण्याची नोंद होत नाही. यामादाजवळ खरे नाव होते, हलके होण्याची सोय नव्हती. ताकेशीच्या सैन्याजवळ हलकेपणा होता, नोंद नव्हती. आपली दाद बहुधा पोचणाऱ्यांपाशी संपते. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी 'मिशन शौर्य' या मोहिमेतून एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. त्यांची नावे वृत्तपत्रांत छापून आली आणि ती यायलाच हवी होती. जे त्यांच्याबरोबर तयारी करीत होते आणि शिखरापर्यंत गेले नाहीत, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

२०२३ साली 'ताकेशीज कॅसल' नव्या रूपात परत आला. हिंदी समालोचन आता भुवन बाम यांचे आहे. आजची मुले तो मोबाइलवर पाहतात आणि आम्हीही पाहिला. हसू आले. फक्त पाण्यातून बाहेर येणाऱ्या माणसाचा चेहरा आम्ही आता थोडा अधिक वेळ पाहतो, आणि याला घरी कोणत्या नावाने हाक मारत असतील, असा विचार मनात येऊन जातो.

तो विद्यार्थी भरती झाला नाही. वय सरले. धानाचा हंगाम सांभाळून तो आता गावातल्या मुला-मुलींचा पहाटेचा सराव घेतो. एका हातात मोबाइलचे घड्याळ, दुसऱ्या हातात वही. वहीत प्रत्येकाचे पूर्ण नाव, त्यापुढे मिनिटे आणि सेकंद. शेवटच्या येणाऱ्याचेही. मुले धावत असताना तो मोठ्याने समालोचन करतो, वाटेल ती फिल्मी नावे देतो, मुले हसत हसत वेग वाढवतात. धावणे संपले की तो वही उघडतो आणि एकेकाला खऱ्या नावाने बोलावून त्याची वेळ सांगतो.

साहित्य शिकवणाऱ्यांनी याहून वेगळे काय करायचे असते, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.